सासर पाण्याखाली, माहेर मातीखाली

१९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वज्ञांनी दोन गावे खणली. एक वऱ्हाडात, वर्धा नदीच्या काठी: अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर. दुसरे सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, अरबी समुद्राच्या काठी: द्वारका. कौंडण्यपूरचे उत्खनन महाराष्ट्र शासनाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. द्वारकेत १९६३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने कुदळ मारली, झेड. डी. अन्सारी आणि म. श्री. माटे हे त्या कामाचे अहवालकार. द्वारकेचा अहवाल १९६६ साली छापून आला, कौंडण्यपूरचा १९६८ साली.

ही दोन्ही गावे एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. एक रुक्मिणीचे माहेर, दुसरे सासर. ग्रंथालयात हे दोन अहवाल शेजारी ठेवलेले मला कधी दिसले नाहीत, आणि त्यांचा एकत्र विचार झाल्याचेही फारसे वाचनात आले नाही. पुढे वीस वर्षांनी द्वारकेचा शोध जमिनीवरून समुद्रात गेला. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेले संशोधक पाण्यात उतरले, आणि तेव्हापासून द्वारका म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पाण्याखालची नगरी येते. माहेरच्या टेकाडाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. या दोन शोधांतून नेमके काय हाती आले, आणि पाणबुड्याने आणलेला पुरावा व कुदळीने काढलेला पुरावा यांची तुलना कशी करायची, हे तपासण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

एका रात्रीचा प्रवास

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. विदर्भराजा भीष्मकाची ही लेक. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले. तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडले. कृष्ण आला, आणि अंबिकेच्या दर्शनाला गेलेल्या रुक्मिणीला त्याने रथात घेतले. भागवताचे म्हणणे असे की, कृष्ण आनर्ताहून विदर्भाला एका रात्रीत पोचला. नकाशावर द्वारका आणि कौंडण्यपूर यांच्यामध्ये सरळ रेषा ओढली तर ती साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास भरते. आजही रेल्वेने आणि मोटारीने हा प्रवास एका रात्रीत होत नाही.

वऱ्हाडाने ही गोष्ट आपली मानली त्याला फार काळ झाला. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या सहवासात, तेराव्या शतकात महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीची ही रचना. त्याच शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले, आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी त्याच नावाचा ग्रंथ सिद्ध केला. कौंडण्यपूरहून आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी परंपरेनुसार १५९४ सालापासूनची. माहेरची पालखी म्हणून तिचा मान आहे.

भक्तीच्या या परंपरेला जोडून एक कोरीव पुरावाही आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बहिणीला सोडवून आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा रुक्मीने केली होती. हरल्यावर तो परतला नाही. त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले, असे पुराणे सांगतात. आता अचलपूरजवळच्या चम्मक गावी मिळालेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पाहा. पाचव्या शतकातला हा दानलेख. त्यात दान दिलेले गाव भोजकट-राज्यात असल्याचे लिहिले आहे. रुक्मी होऊन गेला हे या ताम्रपटाने सिद्ध होत नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका मुलखाला सरकारी कागदात भोजकट म्हणत होते, एवढे पक्के होते. गोष्टीतला भूगोल कवीने हवेतून घेतलेला नव्हता.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पांढरी म्हणजे शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिल्याने साचलेली माती. कोसळलेल्या भिंती, राख, शेण, फुटकी मडकी, जनावरांची हाडे, सारे एकावर एक बसत जाते आणि टेकाड उभे राहते. घर पडले की लोक ढिगारा उचलून नेत नाहीत. तो सारखा करून त्यावर नवे घर बांधतात. त्यामुळे टेकाडात सर्वांत जुने ते सर्वांत खाली, आणि नवे ते वर. पुरातत्त्वाचा सारा डोलारा या साध्या नियमावर उभा आहे.

दीक्षितांनी कौंडण्यपूरला हे थर मोजून उलगडले. ते मण्यांचे आणि काचेचे अभ्यासक होते. रेखांकित मण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ चे, आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचे १९६९ चे. मातीतून निघालेल्या चिमूटभर वस्तूवरून तिचा काळ आणि तिचा व्यापारमार्ग ओळखणारी नजर त्यांच्याकडे होती. त्यांच्या खणण्यातून कौंडण्यपूरच्या तळाशी लोखंड वापरणाऱ्या, काळी-तांबडी भांडी घडवणाऱ्या लोकांची वस्ती लागली. त्यावर सातवाहनकाळाचे थर. काळ्या-तांबड्या भांड्यांचे हे लोक विदर्भात इतरत्रही भेटतात: नागपूरजवळ टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड या ठिकाणी त्यांच्या शिळावर्तुळांच्या दफनभूमी आहेत. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला.

म्हणजे वर्धेच्या काठी खरोखरच जुने गाव होते, आणि तेही अडीच हजार वर्षांहून जुने. मात्र भीष्मकाच्या राजवाड्यावर नावाची पाटी लावलेली नव्हती, आणि ती निघेल अशी अपेक्षाही दीक्षितांसारख्या माणसाने केली नसती. थर काळ सांगतात, राहणी सांगतात, व्यापार सांगतात. पात्रांची नावे सांगण्याचे काम त्यांचे नव्हे.

जमिनीवरून पाण्याखाली

द्वारकेत डेक्कन कॉलेजला जे मिळाले त्याने अनेकांची निराशा झाली. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखालच्या या कामाचा निष्कर्ष असा होता की, इथली पहिली वस्ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासची. म्हणजे त्या वेळच्या पुराव्यानुसार माहेरचे गाव सासरच्या गावाहून जुने ठरत होते.

पुढे १९७९-८० साली डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकाधीशाच्या देवळापुढचे आवार खणले. लोथलचे हडप्पाकालीन बंदर उजेडात आणणारे हेच राव. आवारात त्यांना नवव्या शतकातल्या विष्णुमंदिराचे अवशेष मिळाले. त्याखाली आणखी जुन्या थरांत मृत्पात्रे मिळाली, आणि समुद्राने वस्ती गिळल्याच्या खुणाही दिसल्या, असे त्यांचे मत झाले. वस्ती समुद्राने गिळली असेल तर उरलेले अवशेष समुद्रातच शोधायला हवेत. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होती. तिच्यात १९८१ साली सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले आणि १९८३ पासून द्वारकेच्या किनाऱ्यालगत पाण्याखालच्या मोहिमा निघू लागल्या.

हे शक्य झाले ते एका यंत्रामुळे. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी दाबाखालची हवा माणसाला हवी तेव्हा, हवी तेवढी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने पुरवणारी झडप तयार केली. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर छातीवर दुप्पट दाब असतो आणि साध्या नळीने वरची हवा ओढून घेणे माणसाला जमत नाही. या झडपेने ती अडचण दूर केली. जड शिरस्त्राण आणि वरून सोडलेली नळी यांची गरज संपली. पाणबुडा माशासारखा मोकळा झाला. हीच आजची स्कूबा पद्धत. १९६० साली तुर्कस्तानच्या केप गेलिदोन्या येथे जॉर्ज बास या तरुण अभ्यासकाने कांस्ययुगातल्या बुडालेल्या जहाजाचे उत्खनन समुद्रतळावर राहून, जमिनीवरच्याच शिस्तीने केले. पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवण्यापेक्षा पुरातत्त्वज्ञाला पाण्यात उतरायला शिकवावे, हा धडा त्या कामाने घालून दिला. भारतात रावांच्या चमूने तोच मार्ग धरला.

द्वारकेचा समुद्र शांत नसतो. पावसाळ्यात तर तो शिवूच देत नाही. कामाचे दिवस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी गढूळ, लाटांची ओढ किनाऱ्याकडे. अशात दोरी ताणून मापे घ्यायची, दगडावरचे शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, हवेच्या जोरावर गाळ ओढून घेणाऱ्या नळीने वाळू बाजूला करायची, आणि पाण्यात चालणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने नोंद करायची. या कष्टातून घडीव दगड मिळाले, अर्धवर्तुळाकार चिरे मिळाले, आणि दगडी नांगर तर शंभराहून अधिक मिळाले. त्यांतले पुष्कळसे त्रिकोणी, तीन भोकांचे. वरच्या भोकातून दोर जाई, खालच्या दोन भोकांत तळाला रुतणारे लाकडी खुंट बसवत. शेजारच्या बेट द्वारकेत तीन तोंडांच्या पशूचे चित्र कोरलेली शंखाची मुद्रा मिळाली, ती उत्तर-हडप्पा वळणाची; तिथल्या मृत्पात्रांचा काळ साडेतीन हजार वर्षांच्या आसपास निघाला. राव यांनी या साऱ्याची सांगड महाभारत आणि हरिवंश यांतल्या वर्णनांशी घातली आणि पाण्याखालची नगरी ही कृष्णाची द्वारका असल्याचे मत मांडले.

प्रवाळाच्या बागेत

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांचे पोहणे विहिरीतले आणि नदीतले. पाण्याखालचा माणूस काय पाहू शकतो आणि काय नाही, हे पुस्तकातून नीट उमजेना, म्हणून एका जानेवारीत मी मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आता पर्यटकांना प्रशिक्षित पाणबुड्यासोबत पाच-सात मीटर खाली नेतात.

होडीच्या कडेला बसवून पोराने एवढेच सांगितले, “काका, नाकान श्वास घेवचो नाय, तोंडान घेवचो.” खाली गेल्यावर पहिली जाणीव आवाजाची: स्वतःच्या श्वासाची घरघर, आणि बुडबुडे वर जाताना होणारा खळखळाट. बोलणे बंद, सारे हाताच्या खुणांनी. कान दुखू लागले की नाक चिमटीत धरून फुंकायचे, मग कानातला दाब मोकळा होतो. मग खडक दिसला. त्यावर मेंदूच्या वळ्यांसारख्या नक्षीचे गोळे, तव्यासारखी पसरट चकती, मध्येच काळे काटेरी समुद्रसाळू, आणि भोवती पिवळ्या पट्ट्यांचे मासे. आपण ज्याला पोवळे म्हणतो ते हे नव्हे. अंगठीतले, मंगळाचे म्हणून घालायचे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातून येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचला उतरणाऱ्या मालात त्याचे नाव आहे, आणि रोमन स्त्रियांना भारताच्या मोत्यांचे जेवढे वेड तेवढेच भारतीय पुरुषांना पोवळ्याचे, अशी नोंद प्लिनीने केली आहे. मालवणच्या खडकावरचे प्रवाळ हे सूक्ष्म जिवांनी चुन्याचे बांधलेले घर. वरचे जीव मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर नवे जीव घर बांधतात. मला आमची पांढरी आठवली.

पण दोन गोष्टी तिथे लक्षात आल्या, आणि त्या या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली रंगाची. पाणी आधी तांबडा रंग शोषून घेते. पाच-सात मीटरवर माझ्या मनगटावरचा लाल गंडा तपकिरी, जवळजवळ काळा दिसू लागला. खापराच्या रंगावरून काळ ओळखणाऱ्या शास्त्राला ही केवढी अडचण! दुसरी आकाराची. खडकाला पडलेल्या सरळ भेगा, त्यांतून सुटलेले चौकोनी तुकडे, आणि त्यांवर चढलेले प्रवाळ पाहून क्षणभर वाटावे की ही पडकी भिंतच आहे. ज्या समुद्रात किल्ला बांधला गेला तिथे तर असे वाटणे फारच सोपे.

थर नसलेली जागा

पाण्याखालच्या भिंतींचे असे भास जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. बहामा बेटांत बिमिनी येथे १९६८ साली पाण्याखाली दगडी फरसबंद रस्ता सापडल्याचा गाजावाजा झाला. भूवैज्ञानिकांनी तपासल्यावर ती किनाऱ्यावरची वाळू चुन्याने घट्ट होऊन तयार झालेली आणि नैसर्गिकरीत्या तडकलेली फरशी निघाली. असा वाळूखडक उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ किनाऱ्यांवर तयार होतो. म्हणून पाण्याखाली दगड दिसला की पहिला प्रश्न हा की, यावर छिन्नीची खूण आहे का? द्वारकेच्या बाबतीत याचे उत्तर काही दगडांपुरते निःसंशय होकारार्थी आहे. एकमेकांत बसवण्यासाठी खाचा आणि भोके पाडलेले चिरे निसर्ग घडवत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण: हे चिरे कधीचे? इथे कौंडण्यपूर आणि द्वारका यांच्यातला फरक उघड होतो. टेकाडात प्रत्येक वस्तूला खाली-वर शेजारी असतात. समुद्रात लाटा वाळू उपसून नेतात आणि वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू एकाच तळावर आणून ठेवतात. सातव्या शतकातला नांगर आणि सतराव्या शतकातला नांगर एका हाताच्या अंतरावर पडलेले असू शकतात. दगडाचे वय काढून उपयोग नसतो, कारण दगड लाखो वर्षांचा असतो. तो घडवला कधी हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्याच पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी, ए. एस. गौर, सुंदरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, द्वारकेच्या समुद्रात पुन्हा पुन्हा उतरून हे सारे नव्याने तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की द्वारका ऐतिहासिक आणि मध्ययुगीन काळात गजबजलेले बंदर होते. पाण्याखालचे बहुतेक बांधकाम आणि नांगर त्याच काळात बसतात. बेट द्वारकेच्या पाण्यात त्यांना रोमन मद्यकुंभांचे तुकडे आणि शिशाचा नांगर मिळाला. म्हणजे भडोचला पोवळे उतरत होते त्या सुमारास या बेटाजवळही रोमन माल येत होता. राव यांचा आदर ठेवूनच हे मतांतर झाले आहे. पहिल्या पिढीने समुद्रात उतरण्याची वाट घालून दिली, दुसरीने त्या वाटेवर फेरतपासणी केली. शास्त्र असेच पुढे जाते.

पाणबुड्याचा पुरावा नेहमी दुबळाच असतो असे मात्र नाही. तो बळकट होतो ते जहाज बुडते तेव्हा. गोव्यात मुरगावजवळच्या सुंची खडकावर पोर्तुगीज जहाजाचे अवशेष याच संस्थेने शोधले: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. सतराव्या शतकातले हे जहाज. लक्षद्वीपला बंगारमच्या प्रवाळ-खडकावर आदळून बुडालेल्या ‘प्रिन्सेस रॉयल’ जहाजाचा शोध भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाणबुड्यांनी २००२ साली घेतला. जहाज एका दिवशी, एका घटकेत बुडते. त्यावरचा सारा माल त्या एकाच घटकेचा असतो, म्हणून त्यातल्या एका वस्तूचा काळ कळला तर साऱ्यांचा कळतो. नगर तसे नसते. ते शेकडो वर्षे वाढते, पडते, पुन्हा उभे राहते. त्याची कहाणी थरांत असते, आणि समुद्र आधी थरच पुसतो.

या फरकाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, त्याचे उदाहरण फार लांबचे नाही. २००१ साली खंभातच्या आखातात प्राचीन नगर सापडल्याची घोषणा दिल्लीत झाली. ध्वनिलहरींच्या साह्याने तळाची चित्रे घेतली होती आणि तळ खरवडून काही वस्तू वर काढल्या होत्या. त्यांत लाकडाचा एक तुकडा साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. पण भरती-ओहोटीत पाणी दहा मीटरपर्यंत चढते-उतरते अशा त्या आखातात वेगाच्या प्रवाहामुळे पाणबुडे तळावर नीट काम करू शकत नव्हते. तो तुकडा तिथल्या माणसांचा, की नदीने वरून वाहून आणलेल्या जंगलातला, हे ठरवण्याचा मार्गच नव्हता. वय खरे असूनही त्यातून नगर सिद्ध होत नाही, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला.

माहेराचा वाद

हा सारा विचार आज करण्याचे कारण आहे. द्वारकेचा समुद्र पुन्हा बातम्यांत आला आहे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी तिथे पाण्याखाली उतरून मोरपिसे अर्पण केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जलांतर्गत शाखेने प्रा. आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली तिथे नव्याने शोध सुरू केला. हे काम स्वागतार्ह आहे. श्रद्धेने पाण्यात उतरणे आणि मोजपट्टी घेऊन उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्हींना आपापली जागा आहे, एकाने दुसऱ्याचे उत्तर देऊ नये इतकेच.

माहेराच्या बाबतीतही एक प्रश्न उभा राहिला आहे. पोरबंदरजवळच्या माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते. २०१८ पासून या जत्रेत अरुणाचल प्रदेशाचा मोठा सहभाग असतो, कारण तिथल्या इदू मिश्मी लोकांच्या श्रद्धेनुसार रुक्मिणी त्यांची. रोइंगजवळच्या भीष्मकनगरच्या विटांच्या किल्ल्याशी भीष्मकाचे नाव जोडले जाते. ही बातमी आली तेव्हा आमच्याकडे अनेकांना वाईट वाटले. मला वाटते, मिश्मींच्या श्रद्धेशी भांडण्याचे आपल्याला कारण नाही. लेकीला अनेक गावे आपली म्हणतात यात तिचा मोठेपणा आहे. मात्र इतिहास म्हणून बोलायचे झाले तर आपल्या बाजूला काय आहे ते नीट सांगता आले पाहिजे: ग्रंथांतले विदर्भाचे नाव, चम्मकच्या ताम्रपटातले भोजकट, रिद्धपूरचे धवळे, आणि वर्धेकाठच्या पांढरीतले थर.

यांतला शेवटचा पुरावा सर्वांत बळकट, आणि सर्वांत दुर्लक्षितही. समुद्राने द्वारकेचे थर पुसले त्यात कोणाचा दोष नाही. वऱ्हाडातल्या टेकाडांचे थर मात्र आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. पांढरी माती घर लिंपायला चांगली आणि शेताला खत म्हणून चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती गाड्या भरून नेली गेली. आता ट्रॅक्टर आणि जेसीबी आले आहेत. नदीकाठची टेकाडे दर पावसाळ्यात घळी पडून ढासळतात. द्वारकेत एक चिरा शोधायला हवेचे सिलिंडर, होडी, शांत समुद्र आणि प्रशिक्षित माणसे लागतात. इथे काठावरच्या घळीत उतरले की पायाखाली खापरे वाजतात.

टेकाडाला विचारायचे प्रश्न

दीक्षितांच्या अहवालाला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्यांच्या वेळी आपल्या देशात कार्बन पद्धतीने वय काढण्याची नुकती सुरुवात झाली होती, आणि त्यासाठी मूठभर कोळसा लागे. आज जळलेल्या ज्वारी-तांदळाच्या एका दाण्यावरून काळ निघतो. माती पाण्यात घोळून तरंगणारी बी-बियाणे वेगळी काढता येतात, आणि त्यांवरून लोक काय पिकवत आणि काय खात ते कळते. लोखंड कुठल्या खाणीचे आणि मणी कुठल्या दगडाचा हे रासायनिक तपासणीने शोधता येते. शंखाची बांगडी निघाली तर आणखी पुढचा प्रश्न विचारता येतो. बेट द्वारकेचे जुने नाव शंखोद्धार. कच्छच्या आखातातला शंख प्राचीन काळापासून देशभर जात होता. वर्धेकाठी मिळालेला शंखाचा तुकडा त्या समुद्रातला आहे का, याची तपासणी झाली तर कौंडण्यपूर आणि द्वारका यांच्यामधल्या साडेनऊशे किलोमीटरच्या रस्त्यावरून कधीकाळी माणसे आणि माल खरोखर ये-जा करत होते का, याचे उत्तर मिळेल. ते उत्तर रुक्मिणीच्या रथाविषयी नसेल. पण रुक्मिणीची गोष्ट ज्या लोकांनी प्रथम सांगितली त्यांना द्वारका नावाचे दूरचे ठिकाण कसे ठाऊक झाले, हे त्यातून समजू शकेल.

द्वारकेतल्या पाणबुड्यांकडून आपण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकदा उतरून, एकदा चिरे मोजून त्यांनी काम संपवले नाही. चाळीस वर्षे ते पुन्हा पुन्हा त्याच पाण्यात गेले, आणि आधीच्यांचे म्हणणे तपासून दुरुस्त करत राहिले. कौंडण्यपूरच्या पांढरीलाही तशी फेरतपासणी हवी: आधी टेकाडाच्या सीमा मोजून नकाशा व्हावा, माती उचलणे थांबावे, मग एखाद्या विद्यापीठाने किंवा शासनाच्या पुरातत्त्व विभागाने मर्यादित जागेत, नव्या पद्धतींनी एक खड्डा तळापर्यंत न्यावा. दरवर्षी आषाढीला इथून पालखी निघते तेव्हा हजारो माणसे या टेकाडाजवळून जातात. कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते. इतक्या लोकांना आपल्या पायाखाली काय आहे हे सांगणारा एक फलक आणि निघालेल्या वस्तूंचे एक छोटे दालन तिथे व्हावे, एवढीही अपेक्षा मोठी नाही.

भागवतात सांगितले आहे की समुद्राने द्वारका बुडवली तेव्हा कृष्णाचे मंदिर तेवढे सोडले. आजच्या द्वारकेत रुक्मिणीचे देऊळ गावापासून दोन किलोमीटरवर वेगळे आहे; दुर्वासाच्या शापाने तिथले पाणी आटले म्हणून भाविक तिथे पाण्याचेच दान करतात. सासरी तिच्या वाट्याला शापाचे कोरडेपण आणि भोवती खारा समुद्र आला. माहेरी नदी आहे, माती आहे, आणि तिच्या काळाविषयी बोलू शकतील असे थर अजून शिल्लक आहेत. ते ऐकून घ्यायचे असतील तर येत्या काही पावसाळ्यांच्या आत घ्यावे लागतील.